बॉबिनच्या पोटातला शनिवार

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीचं पॉमेरेनियन मागच्या आठवड्यात आजारी पडलं. डॉक्टरांनी पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला सूज, सांगितली. वरच्या काकूंच्या कुत्रीला हेच झालं होतं असं कुणीतरी तिला सांगितलं, म्हणून ती रडत माझ्याकडे आली. मी आधी तिला चहा दिला आणि मग चांगली रागावले, कारण कुत्र्याने काहीतरी खावं म्हणून ही बया हातात चीजचा तुकडा घेऊन फिरत होती. राग ओसरल्यावर जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. तुकोगंजातल्या एका ऑफिसात उभी हयात टाइपरायटर बडवला. जिभेने तिखट आहे, हे आमच्याकडचा कुणीही सांगेल. पण एका मांडीवर मावेल एवढ्या जनावराच्या आजारपणात मी जे पाहिलं, त्याने माझी बोलती बंद झाली होती. अजूनही आठवलं की होते.

काळी

इंदूरच्या मिला तेव्हा एकामागून एक बंद पडत होत्या. आमचे हे, मधुकरराव, सूत खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते. एका सकाळी डबा घेऊन गेले, तर गेटला कुलूप. चार दिवसांत उघडेल म्हणाले सगळे. मग महिना गेला, मग दिवाळी गेली. तरी आमच्या गल्लीतली माणसं सकाळी उठून, दाढी करून गेटवर जायची, तिथे उभी राहायची आणि परत यायची. मी मात्र रोज टेम्पोत बसून तुकोगंजात जायची. तिकडे नवी नवी शोरूम उघडत होती, काचेच्या आड रंगीत टीव्ही, परदेशी साबण, लोकांच्या हातात नव्या गाड्यांच्या चाव्या. संध्याकाळी घरी आलं की गल्लीत सामसूम. एकाच गावात राहतोय का आपण, असं वाटायचं.

बॉबिन आमच्याकडे आली ती मिल चालू असताना. यांचे काका महूला राहतात. यांचे आजोबा तिथल्या पलटणीत होते, तेव्हापासून ते घर तिथलंच. काकांच्या शेजारी कुण्या साहेबांच्या कुत्रीला पिल्लं झाली. पांढरी, भुरी सगळी लोकांनी नेली, ही एक काळी उरली. नाकापासून शेपटीपर्यंत काळी, पांढरा केस औषधाला नाही. यांनी ती स्वेटरच्या आत घालून बसमधून आणली. मिलमधल्या सुताच्या रिळासारखी स्वतःच्या शेपटीमागे गरगर फिरायची, म्हणून नाव ठेवलं बॉबिन. मोठी झाली तरी मांजरापेक्षा फार मोठी नव्हती.

मिल बंद झाल्यावर हे घरात बोलेनासे झाले. बोलायचे ते बॉबिनशी. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. कुणाशी तरी बोलताहेत ना, असं म्हणून मी गप्प बसायची. माझ्यासारख्या बाईने गप्प बसणं म्हणजे केवढं, ते मीच जाणे.

नमस्कार

थंडीचे दिवस होते. शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असायचं. दुपारी गल्लीत शिरले, तर आमच्या ओट्यासमोर जमुनाबाई हात जोडून उभ्या. जमुनाबाई आमच्या समोर राहायच्या, त्यांचे यजमान विणकाम खात्यात होते. मी घाबरले. पुढे जाऊन बघते तर ओट्यावर बॉबिन. पुढचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, छाती खाली, मागचा भाग वर, डोळे अर्धे मिटलेले. हलत नाही, बोलत नाही.

"देखो बेन," जमुनाबाई हळूच म्हणाल्या, "परणाम कर री है."

मलाही क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू. इतकं शहाणं दिसत होतं ते ध्यान. मी उचलायला गेले तर तिने बारीक आवाज काढला. तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. संध्याकाळपर्यंत पिवळ्या उलट्या सुरू झाल्या. पाणी प्यायली की पाणी बाहेर. हे गेटवरून आले, तिला मांडीवर घेऊन बसले आणि उठलेच नाहीत.

तुम्हाला सांगते, तुमचं छोटं कुत्रं असं वाकून उभं राहिलेलं दिसलं तर कौतुक करू नका. पोटात इतकं दुखत असतं की त्याला सरळ उभंही राहवत नाही आणि आडवंही होववत नाही. तो नमस्कार नसतो.

तुकोगंज

दुसऱ्या दिवशी रविवार. तुकोगंजातला जनावरांचा दवाखाना बंद होता, पण डॉक्टर वरच राहायचे. यांनी दार वाजवलं. डॉक्टर लुंगीवरच खाली आले. त्यांची निम्मी नोकरी देपालपूरकडे गायी-म्हशींत गेली होती. आता तुकोगंजात लोक कुत्री पाळायला लागले, म्हणून इथे दवाखाना टाकला, असं ते स्वतःच हसत सांगायचे.

त्यांनी बॉबिनच्या पोटाला नुसतं बोट लावलं आणि त्यांचं हसू गेलं. रक्त काढलं. तेव्हा जनावरांची लॅब कुठे होती? नळी खिशात घालून हे माणसांच्या पॅथॉलॉजीत गेले. तिथल्या मुलाने पेशंटचं नाव विचारलं, तर यांनी सांगितलं, बॉबिन मधुकर. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी आम्हाला खुर्चीवर बसवलं.

त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. पोटाच्या मागे स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी असते, जिभेएवढी. अन्न पचवायचा रस ती करते. तो रस इतका जालीम, की मांस विरघळवून टाकेल. म्हणून शरीर तो ग्रंथीत असताना झोपवून ठेवतं आणि पुढे आतड्यात गेल्यावरच जागा करतं. खाण्यात तेल-तूप फार झालं, की कधीकधी तो रस घरातच जागा होतो. मग ती ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते.

मी ऐकतच राहिले. इतकी वर्षं मी जेवत होते, सगळं जग जेवत होतं, आणि पोटाच्या मागे एवढी आग रोज बिनबोभाट सांभाळली जात होती? कुणी सांगितलंच नव्हतं कधी. त्या टेबलावर पडलेल्या चिमुकल्या काळ्या देहाकडे मी पाहिलं आणि मला खरंच हात जोडावेसे वाटले. आणि भीतीही तेवढीच वाटली. वाचेल का, असं यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, बघू.

मग काय काय खाते त्याची चौकशी झाली. दूध-पोळी, आमच्या ताटातलं थोडंफार, रविवारी मटणाचं हाडूक. डॉक्टरांनी सगळ्यावर फुली मारली.

बाटली

पुढचे दिवस सगळे सारखेच. सकाळी बॉबिनला मिलच्या जुन्या टॉवेलात गुंडाळायचं आणि टेम्पोत बसायचं. दवाखान्यात लोखंडी टेबल, खिडकीच्या गजाला सलाइनची बाटली टांगलेली. हे तिचा पाय दोन बोटांत धरून उभे राहायचे. तुटलेला धागा पकडायची सवय असलेली बोटं ती, सुईला कधी धक्का लागू दिला नाही. मी ऑफिसात जायची, जेवणाच्या सुट्टीत धावत यायची, तेव्हाही हे तसेच उभे. खुर्ची असायची शेजारी, तिच्यावर टॉवेल ठेवलेला असायचा.

तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असा हुकूम होता. हे आता लागू नाही हं. खालच्या मुलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की हल्ली उलटी थांबली की लवकरच थोडं थोडं खायला घालतात. म्हणून माझं वाचून कुणी कुत्र्याला उपास घडवू नका. आपल्या डॉक्टरांना विचारा.

दवाखान्यात एक बाई यायच्या, बॉबकट, अंगावर भारीतली शाल, बरोबर बर्फासारखं कुत्रं. मनाने फार चांगल्या. बॉबिनचे हाल बघून त्यांनी घरून परदेशी कुत्र्याच्या खाण्याचा डबा आणून दिला. यांनी तो दोन्ही हातांत धरला, जसं काही औषधच मिळालं. डॉक्टरांनी डबा फिरवून वाचला आणि मान हलवली. यातही चरबी भरपूर, हिला नको. बाई ओशाळल्या. मी त्यांचा हात धरून थँक्यू म्हटलं. त्या दिवसांत कुणी प्रेमाने काही पुढे केलं की मला रडूच यायचं.

बिनतेलाचं

उलट्या थांबल्या. डॉक्टर म्हणाले, आता खायला सुरुवात करा, पण तेल, तूप, लोणी, साय, काही म्हणजे काही नाही.

आता बघा. राहतो कुठे, तर इंदुरात. इथे सकाळ पोह्यांनी होते आणि पोह्यांवर शेव नसेल तर माणूस प्लेट परत करतो. दालबाटी तुपात बुडवतात, आजारी माणसाला मऊ खिचडी देतात तीही वर तूप घालून. या गावात बिनतेलाचा घास शोधायला निघालो आम्ही नवरा-बायको. लोक हसले. हसू देत.

पहिल्यांदा दिली भाताची पेज, गाळून, चमचाभर. ती पोटात राहिली. मग मऊ भात. मग त्यात उकडलेली लौकी, म्हणजे आपला दुधी, कुस्करून. लौकीने फार साथ दिली, म्हणून तिचं नाव आदराने घेते. अंडं उकडून पांढरं बॉबिनला, पिवळं यांच्या ताटात. कोंबडीचं छातीचं मांस, कातडं पूर्ण सोलून, उकडून, धाग्यासारखं सुटं करून. ते उकडलेलं पाणी थंडीत ओट्यावर ठेवलं की वर चरबीची पापडी धरते, ती काढून टाकायची. डॉक्टरांना तेवढ्यानेही धास्ती वाटायची, म्हणून पुढे आम्ही ते पाणीच फेकायला लागलो. दुधाचं सांगायचं तर साय काढून, परत उकळून, परत साय काढून, मग फाडून छेना. कांदा-लसूण कुत्र्याला विषच, तो कुठल्याच खाण्यात नको. आणि एकदम पोटभर नाही. थोडं द्यायचं, वाट बघायची, पुन्हा थोडं.

एकदा तिच्यासाठी भात कालवताना माझा हात आपोआप तुपाच्या डब्यात गेला. लहानपणापासूनची सवय, आजारी जीवाच्या भातावर तूप घातलं नाही तर कालवणाऱ्या हाताला चैन पडत नाही. यांनी माझं मनगट धरलं. आम्ही दोघं तसेच बसलो आणि बऱ्याच दिवसांनी एकमेकांकडे बघून हसलो.

बॉबिन उभी राहिली. भुंकली. शेपटीमागे अर्धी गिरकी घेतली आणि दमून बसली. मला वाटलं जिंकलो.

पुन्हा

आणि परत एका शनिवारी संध्याकाळी तोच नमस्कार.

या वेळी उलटीत लाल होतं. डॉक्टर पहिल्यांदाच आमच्यावर ओरडले. कोणी दिलं हिला तेलाचं? आम्ही शपथा घेतल्या. ते म्हणाले, तुमच्या शपथा मला नका सांगू, तिचं पोट खोटं बोलत नाही.

घरी आल्यावर आमचं जे भांडण झालं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते, कारण ज्यांच्या घरी आजारपण आहे त्यांच्याकडे हे होणारच. मी म्हटलं, अंड्याचं पिवळं तुम्ही तिला चोरून देता. ते म्हणाले, तुझाच हात तुपात जातो. आवाज चढले. मग ते एकदम शांत झाले आणि म्हणाले, "मिलने काढलंच आहे, आता घरातही माझी चौकशी लाव."

कोपऱ्यात बॉबिन पडली होती. तिचं तोंड पुसावं म्हणून मी ओला कपडा घेतला. हनुवटीखालचे केस चिकट झाले होते. पुसलं, आणि कपडा नाकाजवळ आला तसा वास आला. आमच्याकडे सोयाबीनचं तेल. हा वास तिळाच्या तेलाचा होता.

तिळाचं तेल आणि शनिवार. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल चुपडलेली पोळी खाऊ घातली की शनीची पीडा उतरते, असं तिकडे मानतात. आम्ही बुद्धाचं नाव घेणारी माणसं, आमच्या घरात शनीचं येणंजाणं नाही. पण शेजाऱ्यांच्या चालीरीती ठाऊक असतातच. गल्लीतली बाकीची कुत्री तांबडी नाहीतर चितकबरी. अंगभर काळी एकच. शनिवारी सकाळी हे गेटवर मीटिंगला असायचे, मी ऑफिसात, आणि ती काळी आमच्या ओट्यावर उन्हात बसलेली.

मी तडक समोर गेले. जमुनाबाई भांडी घासत होत्या. त्यांनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यांना वाटतच नव्हतं.

"मैं तो एक कौर देती हूं बेन. सब एकेक कौर ही देते हैं."

सब. मी मागे वळून गल्लीकडे पाहिलं. मिल चालू होती तेव्हा कुणाला शनीची आठवण नव्हती. आता दर घरात एक बंद गेट होतं, आणि दर घरातून एकेक घास आमच्या ओट्यावर येत होता. कुणी जास्त दिलं नाही. प्रत्येकीने अगदी थोडं, प्रेमाने, हात जोडून दिलं. अख्ख्या गल्लीची साडेसाती त्या चिमुकल्या पोटात जाऊन बसली होती आणि ती बिचारी शेपूट हलवून खात होती. माझा पारा चढला होता, पण त्याखाली दुसरंच काही तरी होतं. एवढंसं पोट, आणि त्यात लोकांनी केवढं ठेवलं होतं! मला कळेना, ओरडू की त्या ओट्यासमोर डोकं टेकू.

अर्थात ओरडणारच होते. गल्लीच्या मधोमध उभी राहून एकेकीचा उद्धार करणार होते. यांनी मागून येऊन माझा खांदा धरला.

"ओरडू नकोस," म्हणाले. "त्यांच्या हातात आणखी काय आहे करायला?"

दारोदार

मिल बंद झाल्यापासून हे कुणाच्या दारात गेले नव्हते. कुणीच जात नव्हतं. पुरुष एकमेकांची नजर चुकवायचे. भेटले की गेटचा विषय निघणार, आणि सांगायला कुणाकडेच काही नसायचं. त्या दिवशी हे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक दारात गेले. मी शाल घेऊन मागे.

तुम्ही तिला आजारी केलं, असं ते एकाही दारात म्हणाले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले की आमची बॉबिन फार आजारी आहे, डॉक्टरने तेल मना केलं आहे, एक घासही नको, एवढी मेहेरबानी करा. हात जोडून. मी बघत होते. हा माझा नवरा? घरात तोंडातून शब्द न काढणारा? बॉबिनचं नाव घेताना त्यांचा आवाज दरवेळी तेवढाच हलायचा, आणि ते पुढच्या दारात जायचे.

एका बाईने तोंडाला पदर लावला. एका म्हातारीने दार अर्धं लोटून घेतलं. टोकाच्या घरातली सून एवढंच म्हणाली, मग आम्ही कुठे जायचं भैया, दुसरी काळी नाही इकडे. जमुनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आत निघून गेल्या. आठवडाभर समोरचं दार लोटलेलंच होतं. त्यांचा शेवटचा आधार आम्ही काढून घेतला, असं मला वाटत राहिलं. आणि तरीही मी तो परत दिला नसता. माझी बॉबिन मरत होती.

हो, मरत होती. उलट्या थांबल्या, सलाइन संपलं, पण ती तोंड उघडेना. पेज दिली, तोंड फिरवलं. अंड्याचं पांढरं, तोंड फिरवलं. कोंबडी, छेना, लौकी, सगळ्याला तेच. यांनी बोटावर पेज घेऊन दातांना लावली, ती तशीच गळून गेली. खाण्याचीच भीती बसली होती की काय कोण जाणे. उचललं की हातात नुसती केसांची गुंडाळी लागायची. शुक्रवारी डॉक्टरांनी तिला तपासलं आणि स्टेथोस्कोप गळ्यातून काढून ठेवला.

"माझ्याकडचं सगळं करून झालं, मधुकरराव. आता तिने स्वतःहून खाल्लं तर खाल्लं."

टेम्पोत आम्ही दोघं खेटून बसलो. बॉबिन टॉवेलात. खजराण्याच्या गणपतीला जाणारी माणसं हातात हार-लाडू घेऊन टेम्पोत चढत-उतरत होती, एकीने विचारलं, बच्चा है क्या? मी हो म्हटलं.

शनिवार

शनिवारी मी रजा टाकली. हेही गेटवर गेले नाहीत. ऊन आलं तसं बॉबिनला ओट्यावर टॉवेलावर ठेवलं. दोघं दोन बाजूंना बसलो.

समोरचं दार उघडलं. जमुनाबाई बाहेर आल्या, हातात झाकलेली थाळी. त्यांच्यामागे टोकाच्या घरची सून, दार लोटणारी म्हातारी, आणखी दोघी-तिघी. माझ्या अंगात भडका उडाला. इतकं हात जोडून सांगितलं तरी! मी उठून ओट्याच्या पायरीवर आडवी उभी राहिले. आता मात्र मी कुणाचं ऐकणार नव्हते, यांचंसुद्धा.

जमुनाबाईंनी झाकण काढलं. थाळीत मऊ भात आणि उकडलेली लौकी, कुस्करून एकत्र केलेली. त्याला चकाकी अशी नव्हतीच.

"तेल की बूंद नी है," त्या म्हणाल्या. "बघार नी, घी नी. बर्तन बी राख से मांज के लिया."

माझे हात खाली आले. तरी तोंड माझंच, गप्प कसं बसेल. मी विचारलं, पंडितजींना विचारलंत का, शनिमहाराजांना हे चालतं का?

"नी पूछा," जमुनाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, बॉबिनकडे बघून म्हणाल्या, "आज अपने घर का कुछ नी मांगा, बेन. आज इसका मांगा है."

मी बाजूला झाले. जमुनाबाई खाली बसल्या, चिमटीएवढा घास केला आणि तळहातावर ठेवून तिच्या नाकापाशी धरला. बॉबिनने तोंड फिरवलं नाही. हा हात तिच्या ओळखीचा होता, आम्ही घरात नसताना उन्हात तिला भरवणारा. तिचं नाक हललं. मान थरथरत उचलली गेली. तिने बराच वेळ वास घेतला, आणि मग जीभ बाहेर काढून तो घास घेतला.

हे रडत होते, पुरुष रडतात तसे, आवाज न करता, तोंड गुडघ्यात घालून. आठवडाभर ज्या बायकांना मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्या सगळ्या पदर सावरून त्या एवढ्याशा जबड्याकडे बघत होत्या. चावतेय, चावतेय, असं म्हातारी पुटपुटली. त्यांच्यापैकी एकीच्याही घरातली अडचण त्या घासाने कमी होणार नव्हती, आणि तेव्हा कुणाला त्याची आठवणही नव्हती. माणसाच्या आत हे कुठून येतं? त्या ग्रंथीचं मला डॉक्टरांनी समजावलं, हे कोण समजावणार?

जमुनाबाई दुसरा घास करायला लागल्या. यांनी तोंड वर केलं, डोळे पुसले.

"जरा रुक के, भाभी. डॉक्टर ने थोड़ा-थोड़ा बोला है."

जमुनाबाईंनी हात थाळीतच थांबवला. बॉबिन पुढे म्हातारी होऊन गेली, पण त्या शनिवारी ते आम्हाला कुठे ठाऊक होतं. त्या सगळ्या आमच्या ओट्यावर बसल्या, मीही त्यांच्यात बसले, आणि आम्ही दुसऱ्या घासाची वाट बघत राहिलो.